पिट्सबर्गच्या ग्रँट स्ट्रीटवरील नाताळचे देखावे : एक परीक्षण

अमेरिकेतील शहरे नाताळच्या दिवसांत सार्वजनिक जागी जे देखावे मांडतात, त्यांत पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्गचा क्रम मी बराच वर लावीन, आणि त्याचे कारण रोषणाई नव्हे. याहून मोठी रोषणाई न्यूयॉर्कमध्ये पाहायला मिळते. पिट्सबर्गचे वेगळेपण असे, की धर्माचे चिन्ह सरकारच्या दारात कितपत असावे या प्रश्नावर इथे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला, आणि त्यातून निघालेली उत्तरे ग्रँट स्ट्रीट या एकाच रस्त्यावर, थोड्याशा पायपिटीत, एकामागून एक पाहता येतात.

सुरुवात ॲलेगेनी काउंटी कोर्टहाउसपासून करावी. हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांनी आखलेली ही दगडी इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली. आत शिरल्यावर मुख्य जिना दिसतो. रुंद पायऱ्या, वर एकात एक गुंफलेल्या दगडी कमानी आणि त्यांतून खाली झिरपणारा उजेड अशी त्याची रचना असल्यामुळे पायथ्याशी उभे राहिले की नजर आपोआप वर खेचली जाते. याच जिन्यावर १९८१ पासून होली नेम सोसायटी या कॅथलिक संस्थेच्या मालकीचा ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला जात असे. वसई किंवा गोव्यातल्या वाचकांना हा गोठा चांगला परिचयाचा आहे : बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढपाळ, जनावरे. इथे त्यावर एक देवदूत होता आणि त्याच्या हातातील पट्टीवर ‘ग्लोरिया इन एक्सेल्सिस देओ’, म्हणजे परमोच्च स्थानी देवाचा गौरव असो, असे लॅटिन शब्द होते. भोवती लाल पॉइन्सेटियाच्या कुंड्या मांडलेल्या असत. नागरी स्वातंत्र्यांसाठी लढणारी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही संस्था आणि काही स्थानिक रहिवासी डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयात गेले, आणि ३ जुलै १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा देखावा घटनाबाह्य ठरवला. सरकारी कारभाराच्या मुख्य आणि सर्वांत देखण्या जागी एकट्याने विराजमान झालेला हा गोठा पाहून कोणालाही सरकारचा पाठिंबा एका धर्माला आहे असेच वाटेल, असा त्या निकालाचा गाभा होता.

तो जिना नाताळात गोठ्याविना पाहताना मला काही उणे वाटले नाही. ज्याचा घटस्फोटाचा किंवा फौजदारी खटला त्या इमारतीत चालू आहे, त्याला वर जाताना आपला धर्म या दालनाच्या धर्मापेक्षा वेगळा आहे, असे क्षणभरही वाटू नये. परदेशात अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या माणसाला या गोष्टीचे मोल अधिक कळते. गोठा सुंदर होता की नाही, हा इथे प्रश्नच नव्हता.

शेजारच्या सिटी-काउंटी इमारतीबाहेर दुसरे उत्तर उभे असते. त्या खटल्याच्या वेळी तिथे ४५ फुटी नाताळवृक्षाशेजारी ज्यूंच्या हनुक्का सणाचा १८ फुटी मेनोरा, म्हणजे अनेक शाखांची दीपमाळ, उभारला होता आणि स्वातंत्र्याला वंदन करणारा फलक महापौरांच्या नावाने लावला होता. मेनोरा शाबाद या ज्यू संघटनेचा होता; तो सांभाळून ठेवण्याचे आणि उभा करण्याचे काम मात्र शहर करीत असे. त्याच निकालात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा मेनोरा मान्य केला. या उत्तराविषयी माझे मत संमिश्र आहे. वृक्ष आणि फलक यांच्या सोबतीमुळे संपूर्ण मांडणीचा अर्थ हिवाळी सणांचा हंगाम एवढाच राहतो, हा युक्तिवाद कायद्याला सोयीचा असला तरी हनुक्का पाळणाऱ्यांवर तो अन्याय करतो. जेरुसलेमच्या मंदिराची पुन्हा झालेली प्रतिष्ठापना आणि एका दिवसाच्या तेलावर आठ दिवस तेवलेला दिवा यांची हनुक्का ही आठवण आहे. तिला हंगामी सजावट म्हणणे मला पटत नाही.

प्रत्यक्षात मात्र मेनोरा पाहण्याचा अनुभव या युक्तिवादापेक्षा कितीतरी सकस आहे. मधला शमाश हा सेवक-दिवा धरून नऊ दिवे, आणि आठ संध्याकाळी रोज एकेक वाढत जाणारा प्रकाश, अशी साधी शिस्त त्यात आहे. ती समजल्यावर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा जावेसे वाटते. सार्वजनिक मेनोराची ही प्रथाही याच राज्यातली : शाबादने १९७४ मध्ये फिलाडेल्फियाच्या इंडिपेन्डन्स हॉलजवळ पहिला मेनोरा उघड्यावर पेटवला. शिवाय २७ ऑक्टोबर २०१८ रोजी याच शहरातील स्क्विरल हिल भागात ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, प्रार्थनेला आलेल्या ११ जणांची हत्या झाली. त्यानंतर शहराच्या मध्यभागी, भर रस्त्यावर मेनोरा पेटणे याला जे वजन आले आहे, ते कोणत्याही फलकावर लिहून दाखवण्याची गरज नाही.

मला खरा आक्षेप घ्यायचा आहे तो इतर अनेक गावांनी काढलेल्या पळवाटेवर. ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट शहराच्या देखाव्यात गोठ्याबरोबर सांताचे घर, हरणे, विदूषक, हत्ती आणि अस्वलाच्या आकृती होत्या, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो ग्राह्य धरला. त्यातून नगरपालिकांनी एक हिशेब शिकला : गोठा ठेवायचा असेल तर भोवती हिममानव आणि सांता वाढवा. अनेक मराठी कुटुंबे राहतात त्या जर्सी सिटीने खटल्यानंतर नगरभवनासमोरच्या मांडणीत नेमके हेच केले, आणि १९९९ मध्ये अपील न्यायालयाने ती मान्य केली. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. अशा मांडणीत येशूजन्म श्रद्धेचा राहत नाही आणि सरकारही पूर्णपणे तटस्थ राहत नाही. भाविकाला आपले दैवत खेळण्यांच्या गर्दीत उभे असलेले दिसते आणि इतरांना ते सरकारी खर्चाने उभे असलेले दिसते. पाहुण्याला दाखवावा असा हा प्रकार नाही.

तिसरे आणि माझ्या मते सर्वोत्तम उत्तर यू. एस. स्टील टॉवर या ६४ मजली इमारतीच्या पटांगणात सापडते. इथे १९९९ पासून दर नाताळात भव्य गोठा उभा राहतो. रोममधील सेंट पीटर्स चौकातल्या गोठ्याची ही व्हॅटिकनच्या संमतीने केलेली प्रतिकृती आहे. जागा खाजगी असल्यामुळे सरकारी पाठिंब्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि म्हणूनच मांडणाऱ्यांना सोबत हिममानव ठेवावा लागत नाही की उद्देश मवाळ करून सांगणारा फलकही लावावा लागत नाही. मूर्ती माणसाहून मोठ्या आहेत. वर काळसर पोलादाचा मनोरा, खाली लाकडी गोठ्याचा उबदार उजेड आणि मधोमध गुडघे टेकलेल्या आकृती, या विरोधाचा परिणाम रस्त्यापलीकडूनही जाणवतो. कचेरीतून सुटलेली माणसे घाईत असूनही इथे थबकतात, काहीजण हात जोडतात, काहीजण फक्त छायाचित्र घेऊन पुढे जातात. कोणावर कसली सक्ती नाही. आपल्याकडील सार्वजनिक गणेशोत्सवाची घडी याच्या जवळची आहे : मूर्ती मंडळाची, वर्गणी लोकांची, परवानगी महापालिकेची.

निखळ करमणुकीसाठी पीपीजी प्लेस आहे. काचेच्या मनोऱ्यांमधील बर्फाच्या रिंगणात मध्यभागी झाड असते आणि मुले त्याभोवती स्केटिंग करतात. जवळच्या विंटरगार्डनमध्ये निरनिराळ्या देशांतील सांताच्या पूर्णाकृती मांडतात. मुलांना घेऊन गेल्यास तास-दीड तास सहज जातो. त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

आपल्या लोकांसाठी या रस्त्याचा आणखी एक संदर्भ आहे. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियाने कायदा करून दिवाळीला राज्याच्या अधिकृत सणांत स्थान दिले. उद्या इथल्या भारतीय मंडळींनी शहराच्या मध्यभागी दिवाळीची मांडणी करायचे ठरवले, तर तिने यू. एस. स्टीलच्या गोठ्याचा कित्ता गिरवावा, अशी माझी कळकळीची सूचना आहे : स्वतःचा खर्च, स्वतःच्या नावाने मिळवलेली जागा, आणि लक्ष्मीपूजनाचा अर्थ न झाकता केलेली आरास. शहराने एखादी जागा सर्व खाजगी गटांना खुली ठेवली असेल, तर केवळ धार्मिक आहे म्हणून एकाला नकार देता येत नाही, हे बोस्टनच्या ध्वजस्तंभाच्या खटल्यात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने स्पष्ट केले आहे. असा हक्क हाताशी असताना सांता आणि हरणांच्या मध्ये एक पणती ठेवून घेण्यात समाधान मानू नये.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. ‘टी’ या लाइट रेलचे स्टील प्लाझा स्थानक गोठ्याच्या अगदी जवळ आहे आणि शहराच्या मध्यभागात या गाडीचा प्रवास मोफत असल्यामुळे मोटार आणण्याची गरज नाही. कोर्टहाउसचा जिना पाहायचा असेल तर कामकाजाच्या दिवशी दुपारी पोहोचावे, मग मेनोरा पाहून अंधार पडल्यावर गोठ्याकडे यावे. हनुक्काची तारीख चांद्र-सौर पंचांगानुसार दरवर्षी बदलते; २०२४ मध्ये तो २५ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झाला, तर २०२५ मध्ये १४ डिसेंबरलाच. दोन्ही सणांचे दिवे एकाच फेरीत पाहायचे असल्यास तिकिटे काढण्यापूर्वी ती तारीख पाहून घ्यावी.