नाही असं नाही : दहा रविवार, पंधराशे रुपये

आधीच सांगून ठेवतो, मी गणिताचा माणूस नाही. रेल्वेच्या सिग्नल खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी रिले रूममध्ये (रिले म्हणजे करंटनं उघड-बंद होणारा स्विच), एका हातात मल्टीमीटर आणि दुसऱ्या हातात स्टेशन मास्तरचा फोन. तेव्हा तर्कशास्त्राच्या एका वर्गाबद्दल खाली जे लिहितोय ते एका सिग्नलवाल्याचं मत समजा.

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात एक रिटायर्ड प्राध्यापक आपल्या घरी, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये हा वर्ग घेतात. एप्रिल ते जून, दर रविवारी सकाळी साडेसात ते साडेनऊ. फी १५०० रुपये, नोट्सच्या झेरॉक्सचे १२० वेगळे. विषय : तर्कशास्त्राचं बीजगणित. कागद चिकटवला होता आमच्या किराणा दुकानाबाहेरच्या खांबावर, शिवणक्लास आणि मेसच्या डब्याच्या मधोमध. मला वाटलं, झटपट पाढे वगैरे काहीतरी असेल. बायको म्हणाली, "जा नं बाप्पा, तसंही रविवारी सकाळी पंख्याकडे पाहत बसता." गेलो.

आम्ही अकरा जण होतो. इंजिनीअरिंगची चार पोरं, ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम, एक वकीलसाहेब, एमपीएससीचा एक मुलगा (तो तिसऱ्या रविवारी गळाला), बाकी आमच्यासारखे रिकामटेकडे.

सरांनी सुरुवात कूलरनं केली. हॉलमधला कूलर जुना आहे, ट्रॅक्टरसारखा चालतो. सर म्हणाले, "कूलर चालू असेल तर माझं ऐकू येणार नाही. बंद असेल तर तुम्ही बसणार नाही. म्हणजे एकतर ऐकू येणार नाही, नाहीतर तुम्ही बसणार नाही. हे बरोबर आहे का, ते पाहायला मे महिन्याची वाट बघायला हवी का?" मग तीच तीन वाक्यं अक्षरांत लिहिली आणि आपण वजाबाकी करतो तशी ओळीखाली ओळ सोडवून दाखवली. कूलर कुठे, उन्हाळा कुठे, नुसती अक्षरं इकडून तिकडे हलली आणि उत्तर आलं. वर्गात नेमकं काय शिकवतात असं कोणी विचारलं तर मी हाच फळा सांगतो.

मग बूल. इंग्लंडमधल्या या शाळामास्तरनं १८४७ साली तर्काला बीजगणिताचे कपडे चढवले. त्याचा एक नियम शाळेतल्या बीजगणितात बसत नाही : क गुणिले क बरोबर क. गोदामातून निळे डबे वेगळे काढा, त्यांतून पुन्हा निळे डबे काढा, डबे तेवढेच. आपल्या नेहमीच्या आकड्यांत हे दोघांनाच जमतं, ० आणि १.

इथे मी हात वर केला. म्हटलं, सर, हे तर आमचं सर्किट आहे. दोन काँटॅक्ट सिरीजमध्ये जोडले की "आणि", पॅरलल जोडले की "किंवा", बॅक काँटॅक्ट (रिले खाली असतानाच जुळणारा) घेतला की "नाही". २४ व्होल्टच्या रिलेंवर आयुष्य गेलं आमचं. सरांनी खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीवर जाऊन बसले. मी होम सिग्नलचं (गाडीला स्टेशनात घेणारा सिग्नल) सर्किट काढलं, सरांनी त्याचं समीकरण केलं, आणि दोन काँटॅक्ट जास्तीचे निघाले. क्लॉड शॅननचा १९३७ चा प्रबंध म्हणजे हाच धंदा, असं त्यांनी मग सांगितलं. ज्याच्या जिवावर ३४ वर्षं भाकर खाल्ली त्याचं नाव मला रिटायर झाल्यावर कळलं.

पण एक भांडण राहिलंच. क गुणिले क बरोबर क असेल तर आमचं डबल कटिंग फुकटच म्हणायचं. आम्ही एकाच रिलेचे काँटॅक्ट फीडच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह, दोन्ही अंगांना टाकतो, मुद्दाम. कुठे तार जमिनीला लागून, म्हणजे अर्थ फॉल्ट होऊन, भलतीकडून करंट आला तरी सिग्नल उगाच हिरवा होऊ नये म्हणून. सर म्हणाले, "काका, तुमच्या तारेला अर्थ लागतो, माझ्या क-ला नाही लागत." फळ्यावर कबूल. रिले रूममध्ये नाही.

चौथा रविवार माझ्या मते वसूल. दोन विधानं घ्या, क आणि ख. "आणि", "किंवा", "नाही" लावून वाक्यं करत जा, ती कधी संपणार नाहीत. पण ज्या दोन वाक्यांतून एकमेकांना सिद्ध करता येतं ती एका गाठोड्यात टाकायची. शेवटी गाठोडी उरतात फक्त १६. तीन विधानं घेतली तर २५६. मग वाक्यं विसरायची आणि गाठोड्यांचीच बेरीज-गुणाकार करायची. पोलंडच्या लिंडेनबाउम आणि टार्स्की यांची ही युक्ती. लिंडेनबाउमला १९४१ साली नाझींनी मारलं, हे सरांनी एका वाक्यात सांगितलं आणि फळा पुसला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मला मात्र ही युक्ती नवी वाटली नाही. दोन नकाशे कितीही वेगळे दिसोत, सगळ्या रिलेंच्या सगळ्या स्थितींत सिग्नल तेच दाखवत असेल तर आम्ही त्याला एकच सर्किट म्हणतो.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो. पाचव्या-सहाव्या रविवारी सर हेटिंगवर आले. डच माणूस. त्याचा गुरू ब्राउवर म्हणायचा की "क किंवा क-नाही" हे तुम्ही बसल्या जागी खरं धरू शकत नाही, दोघांपैकी एकाचा पुरावा आणा. त्या तर्काचे नियम हेटिंगनं १९३० मध्ये बांधून दिले. इंजिनीअरिंगची पोरं हसायला लागली. मॅडमही म्हणाल्या, हे काहीतरीच. सरांनी विचारलं, "भूक लागली का, असं विचारल्यावर 'नाही असं नाही' म्हणणारा माणूस 'हो' म्हणतोय का?" हॉल गप्प. आपली भाषा हे शंभर वर्षांपूर्वीही बोलत असणार, राजेहो!

मला तर यात ट्रॅक सर्किट दिसलं, म्हणजे रुळावर गाडी आहे का ते कळायची आमची सोय. रुळांतून करंट वाहतोय, रिले वर आहे, म्हणजे लाइन मोकळी असल्याचा पुरावा हातात आहे. रिले खाली पडला म्हणजे गाडी आहे असं होत नाही. रूळ तुटला असेल, जंपर निघाला असेल, बॅटरी उतरली असेल, पावसात खडीतून करंट गळत असेल. आम्हाला एवढंच म्हणता येतं की मोकळं असल्याचा पुरावा नाही, आणि तेवढ्यावर सिग्नल लाल ठेवतो. "मोकळं नाही असं नाही" एवढ्या भरवशावर गाडी सोडणाऱ्याला आमच्याकडे चार्जशीट मिळायची.

यानंतर सरांनी जे केलं ते मी अजून चघळतोय. तीन पायऱ्या काढल्या : ०, अर्धा, १. "आणि" म्हणजे दोघांतलं लहान, "किंवा" म्हणजे मोठं. ०चा निषेध (म्हणजे "नाही") १. अर्ध्याचा ०, आणि १चाही ०. "जर-तर"साठी डावं उजव्यापेक्षा मोठं नसेल तर १, असेल तर उजवं तेच उत्तर. हेटिंगचे सगळे नियम या पायऱ्यांवर तपासले तर दरवेळी १ येतं, आणि नियमांतून जे काही सिद्ध होईल त्यालाही १ यावंच लागतं. आता क-ला अर्धा द्या. क-नाही झालं ०. "क किंवा क-नाही" झालं अर्धा. १ नाही! म्हणजे या नियमांतून ते वाक्य कोणीही, कधीही, कितीही पानं भरली तरी सिद्ध करू शकणार नाही. द्विनिषेधाचंही, म्हणजे "नाही असं नाही"वरून "हो" म्हणण्याचंही, तेच : अर्ध्याचा निषेध ०, त्याचा निषेध १, आणि १ म्हणजे अर्धा नव्हे.

एखादी गोष्ट सिद्ध करणं समजतं. ती सिद्ध होणारच नाही हे तीन पायऱ्यांत दाखवायचं? आम्ही फॉल्ट सापडला नाही तर "टेस्टेड ओके" लिहून पुढे जायचो. फॉल्ट असूच शकत नाही, असं लिहायची हिंमत कधी झाली नाही.

त्याच दिवशी सरांनी विचारलं, नुसतं एकच विधान घेतलं तर गाठोडी किती? बूलकडे चार. हेटिंगकडे अनंत. रीगर आणि निशिमुरा यांची शिडी सर काढत गेले, फळा संपला, मग भिंतीवरचं कालनिर्णय उलटं करून त्यावर काढली. तेही संपलं. घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, चहा घेता का? मी म्हटलं, नाही असं नाही. "मग सरळ हो म्हणा नं!" आमच्याकडे बूलच चालतो.

सर मधूनमधून गावगप्पाही सांगतात. बूलच्याच काळातला तर्कशास्त्रज्ञ डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मला. प्रत्येक बूली बीजगणित शेवटी संचांचाच खेळ असतो हे १९३६ मध्ये दाखवणारा मार्शल स्टोन १९८९ साली मद्रासमध्ये वारला. मद्रासकडून उत्तरेला जायचं तर नागपूर लागतंच, असं मी म्हटलं. सर हसले नाहीत.

आता तक्रारी. नवव्या रविवारी गाडी फास्ट लाइनवर गेली. "सर्व" आणि "एखादा" हे शब्द बीजगणितात कसे बसवायचे, टार्स्कीची सिलिंडरवाली बीजगणितं, हाल्मोसची वेगळी वाट, गोडेलच्या १९३० च्या पूर्णतेच्या प्रमेयाला (जे नेहमीच खरं ठरतं ते नियमांतून सिद्धही होतं) रासिओवा आणि सिकोर्स्की यांनी १९५० मध्ये दिलेली बीजगणिती सिद्धता, सगळं दोन तासांत. पुस्तकातल्या चित्रात सिलिंडर दिसला, डोक्यात नाही. याला तीन रविवार हवेत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रविवारचं संचांचं दळण आरामात कमी करता येईल. नोट्स हस्ताक्षरात आहेत, झेरॉक्सचीही झेरॉक्स, निषेधाची आडवी रेघ कुठे आहे आणि कुठे मशीनचा डाग आहे ते कळत नाही. तर्काच्या नोट्समध्ये हे म्हणजे फारच झालं. प्लास्टिकच्या खुर्च्या पाठीचा जीव घेतात. आणि कूलर! अर्धा वर्ग सर ओरडून शिकवतात.

दहाव्या दिवशी पोरांना आवडेल असं होतं. हंटिंग्टननं १९३३ मध्ये बूलचं सगळं बीजगणित तीन नियमांत बसवलं. रॉबिन्स यानं तिसरा नियम थोडा सुटसुटीत करून विचारलं, एवढ्यावर भागेल का? टार्स्की हा प्रश्न विद्यार्थ्यांना देत राहिला, कोणालाच सुटेना. १९९६ साली अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत विल्यम मॅक्यूनच्या प्रोग्रामनं सुमारे आठ दिवस चालून दाखवलं, भागतं. कॉम्प्युटरवाला एक पोरगा तेव्हापासून सरांच्या मागे लागलाय.

वर्ग सुटला की कोपऱ्यावर तर्री पोहे, प्लेट २५ रुपये. ठेल्यावर पाटी आहे, "तर्री किंवा दही". वकीलसाहेबांनी दोन्ही मागितलं आणि "किंवा"चा अर्थ काय यावर दहा मिनिटं घातली. दोन्ही मिळतं, दहा रुपये जास्त.

पाचपैकी चार. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणतात, तेव्हा कूलरचा प्रश्न येणार नाही. फोन करू नका, सर उचलत नाहीत; रविवारी सव्वासातला थेट जिना चढा. पाठीला लावायला उशी घरून न्या, आणि झेरॉक्स हातात पडली की आधी पानं मोजा. माझ्या प्रतीत ४३ नंतर एकदम ४६ आहे.