चौदा वर्षांचा प्रस्ताव: मुदतपूर्व सुटकेच्या व्यवस्थेचं खानदेशातून परीक्षण

परीक्षण कशाचं, ते आधी. जन्मठेपेच्या बंद्याला शिक्षेत माफी देऊन सोडायचं की नाही, हे ठरवणारी एक सरकारी व्यवस्था आहे. तिच्या फायलीला तुरुंगात आणि बंद्याच्या घरी 'चौदा वर्षांचा प्रस्ताव' म्हणतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचा माणूस खुनात शिक्षा लागल्यावर सहसा नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात जातो. त्याची फाइल तिथून निघते, गावापर्यंत येते आणि परत फिरून मुंबईला मंत्रालयात पोहोचते. त्या वाटेचं हे परीक्षण.

मत सुरुवातीलाच सांगतो. कायद्याचा पाया भक्कम आहे. वर्षांचा हिशोब बहुतेक वेळा जमतो, चुकला तर दुरुस्त करून घेता येतो. गावातली चौकशी मात्र फार कच्ची आहे, आणि माणूस सोडण्याजोगा झाला की नाही, याचं उत्तर फक्त त्या चौकशीतूनच मिळू शकतं.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असं पारावर बसलेला प्रत्येक जण सांगतो. ते चूक आहे. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच स्पष्ट केलं. वीस वर्षांचा आकडाही लोक सांगतात. तो शिक्षेचे अंश मोजण्यापुरता कायद्यात आहे, सुटकेशी त्याचा संबंध नाही. चौदाचा आकडा आला 1978 मध्ये, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 433-अ मधून. आता तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 475 मध्ये आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप लागली असेल तर प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय सरकारला या कलमांखाली सोडता येत नाही, एवढंच ते कलम सांगतं. चौदा हा उंबरठा आहे. तो ओलांडला की सुटकेचा हक्क मिळत नाही, विचार होण्याचा हक्क मिळतो. प्रस्ताव लांबला की घरात जी आदळआपट होते, तिचं निम्मं कारण हा फरक कुणी नीट समजावून सांगितलेला नसतो.

आता हिशोब. कारागृहातून 'नॉमिनल रोल' नावाचा तक्ता निघतो. अटकेची तारीख, खटल्याआधी आत काढलेले दिवस, जामिनावर बाहेर असलेले दिवस, मिळालेली माफी म्हणजे शिक्षेतून कमी झालेले दिवस, संचित रजा म्हणजे फर्लो, अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, रजेवरून उशिरा परतलेले दिवस आणि तुरुंगात झालेल्या शिक्षा, सगळं त्यात असतं. समजा अटक 1 जून 2010 ची आहे आणि मधे जामीन कधीच मिळाला नाही. खटल्याआधीचे दिवस जन्मठेपेतही वजावटीला धरले जातात, तेव्हा साधी चौदा वर्षं 31 मे 2024 ला भरतात. पण या माणसाने एकूण 150 दिवस पॅरोल घेतला आणि वेगवेगळ्या वेळी मिळून 40 दिवस उशिरा हजर झाला. पॅरोलचे दिवस प्रत्यक्ष चौदामध्ये धरायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या निकालात सांगितलं आहे, आणि उशिराचे दिवस तर नाहीतच. म्हणजे 190 दिवस पुढे, डिसेंबर 2024 च्या पहिल्या आठवड्याची अखेर. फर्लोचं तसं नाही, वेळेवर परत आलं तर ते दिवस शिक्षेत धरले जातात.

उशिरा परतण्याची किंमत त्या 40 दिवसांवर थांबत नाही. मिळालेली माफी कापली जाते, वेगळा गुन्हाही दाखल होतो, आणि पुढे पोलिसांच्या अहवालात 'रजेवरून फरार' हे दोन शब्द कायमचे येऊन बसतात. बहिणीचं लग्न दोन दिवसांनी पुढे ढकललं म्हणून थांबलेला आणि सहा महिने सुरतेत लपलेला, दोघांना तेच शब्द. म्हणून आजार, लग्न, मयत, जे कारण असेल त्याचा कागद त्याच वेळी कारागृहात पोहोचवा. रजा संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. दहा वर्षांनी हाच कागद कामाला येतो.

चौदा भरले म्हणजे लगेच सुटका, असंही नाही. महाराष्ट्राची मार्गदर्शक तत्त्वं गुन्ह्याच्या प्रकारानुसार वर्ग पाडतात आणि प्रत्येक वर्गाला माफी धरून किती वर्षं हवीत ते ठरवतात. वर्ग बदलला की काही वर्षं इकडची तिकडे होतात. खानदेशातल्या फायलींमध्ये एक वर्ग नेहमी वाचावा लागतो: जमिनीचा वाद, भाऊबंदकी, घराण्याची प्रतिष्ठा आणि अंधश्रद्धा यांतून झालेले खून. बांधावरून कुऱ्हाड चालली ते इथे, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे बाईला डाकीण ठरवून मारलं तेही इथेच. आमच्या मते ही दोन प्रकरणं एका रांगेत बसत नाहीत. बांधावरचा खून दोन माणसांत पेटतो, बरेचदा तासाभरात. डाकीण ठरवून मारताना आधी भगत नाव घेतो, मग कुजबूज होते, मग बैठक, आणि अख्खा पाडा बघत उभा असतो. पहिल्यात माणूस बदलला का, एवढं पाहिलं तरी पुरतं. दुसऱ्यात पाडा बदलला का, हेही पाहायला हवं, कारण सुटलेला माणूस त्याच पाड्यात परत जाणार असतो आणि त्या बाईच्या मुली तिथेच राहत असतात.

कोणती तत्त्वं लागू करायची, यावरही घोळ होतो. 11 मे 1992 ची जुनी, 15 मार्च 2010 ची नंतरची. नियम असा, की शिक्षा लागली त्या दिवशी जे धोरण होतं ते लागू. पण विचार होताना त्याहून सवलतीचं धोरण अमलात असेल तर त्याचा फायदा बंद्याला. हे 2010 मध्ये हरियाणाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. वर्ग ठरल्याचा आदेश हातात आला की आधी तारीख बघा, मग वर्ग, आणि मग वर्गाच्या वर्णनातला शब्द न् शब्द निकालपत्राशी ताडून पाहा. 'पूर्वनियोजित' हा शब्द न्यायाधीशांनी लिहिलेला नसताना वर्गवारीत घुसला असेल, तर तिथेच हरकत घ्या.

एवढ्यापर्यंत व्यवस्था समाधानकारक आहे. आता तिचा सर्वांत दुबळा भाग.

प्रस्ताव गावाकडे येतो तो पोलीस अधीक्षक आणि जिल्हा प्रशासनामार्फत. तिथून पोलीस ठाणं, तिथून बीटचा हवालदार. हवालदार पोलीस पाटलांना फोन करतो, दोन-चार जणांचे जबाब होतात आणि अहवालात वाक्य येतं: 'सदर बंद्यास सोडल्यास गावातील शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' या एका वाक्यावर माणसाची पुढची अनेक वर्षं अडकतात. ते खोटंच असतं असं नाही. पण ते तपासता येत नाही, हा त्याचा दोष. कोणाला धोका? कुठे? मयताचं कुटुंब आज त्या गावात राहतं की वापीला गेलं? ज्या बांधावरून खून झाला, ते शेत अजून दोन्ही घरांकडे आहे की विकलं गेलं? मयताचा मुलगा कर्ता झालाय का, आणि त्याचं म्हणणं काय? यातलं एकही उत्तर नसलेला अहवाल म्हणजे एफआयआरची दुसरी प्रत. एफआयआर वाचून फक्त चौदा वर्षांपूर्वीचा माणूस कळतो. अहिराणीत विचारायचा प्रश्न चार शब्दांचा आहे, 'तो आते कसा शे?' तोच विचारला जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालच्या लक्ष्मण नस्कर प्रकरणात नेमकं हेच विचारायला सांगितलं आहे. गुन्हा व्यक्तीपुरता होता की समाजाला हादरवणारा? पुन्हा होण्याची शक्यता किती? गुन्हा करण्याची क्षमता त्याच्यात उरली आहे का? आणखी आत ठेवून काही साधणार आहे का? घरची आर्थिक-सामाजिक स्थिती काय? या पाच प्रश्नांची पाच उत्तरं लिहिलेला अहवाल आमच्या हिशोबी पूर्ण. बाकी सगळे परत पाठवावेत.

चांगला अहवाल कसा दिसतो, तेही सांगतो. त्यात दोन्ही घरांचे स्वतंत्र जबाब असतात, वेगवेगळ्या दिवशी घेतलेले. बंदी परत कुठे राहणार याचा पत्ता असतो, आणि ते घर मयताच्या घरापासून किती लांब आहे हे लिहिलेलं असतं. आधीच्या रजांमध्ये गावात काय घडलं याची नोंद असते. सात-आठ वेळा फर्लोवर येऊन मयताच्या गल्लीतून एकदाही न गेलेला माणूस आणि पहिल्याच रजेत पारावर दारू पिऊन आवाज चढवणारा माणूस, यांच्यातला फरक कुठल्याही मानसशास्त्रीय चाचणीइतका बोलका आहे. परिविक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचा, अहवाल स्वतंत्र असतो आणि बरेचदा पोलिसांच्या अहवालापेक्षा खोल जातो. त्याची प्रत मागून घ्या.

मयताच्या घराचा विचार या व्यवस्थेत सर्वांत कमी होतो, आणि आम्ही बंद्याच्या सुटकेच्या बाजूने असूनही हे ठासून लिहितो. त्या घरातल्या बाईला सुटकेची बातमी एसटी स्टँडवर कळावी, हे अमानुष आहे. अशा कुटुंबाने वाट पाहत बसू नये. पोलीस अधीक्षक आणि गृह विभाग यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, गुन्हा रजिस्टर नंबर, सत्र खटल्याचा क्रमांक आणि आपला चालू पत्ता लिहून. प्रस्ताव आला तर आमचं म्हणणं घ्यावं, सुटका झाली तर आधी कळवावं, एवढीच मागणी. विरोध करायचा असेल तर 'त्याला सोडू नका' एवढं लिहून भागत नाही. धमकी आली असेल तर कधी, कोणामार्फत, तक्रार दिली का, ते लिहा.

पुढचा टप्पा न्यायाधीशांच्या अभिप्रायाचा. शिक्षा जिथे लागली त्या न्यायालयाच्या, म्हणजे जळगाव, अमळनेर, भुसावळ, धुळे, शहादा, जिथलं असेल तिथल्या पीठासीन न्यायाधीशांचं मत कारणांसह मागवलं जातं. खटला चालवणारे न्यायाधीश तोवर बदलून गेलेले असतात, म्हणून नवे न्यायाधीश निकालपत्रावरून लिहितात. 'सोडणे योग्य नाही' एवढ्या ओळीवर भागत नाही. अभिप्राय सकारण हवा आणि तो नस्करच्या प्रश्नांना धरून हवा, हे 2022 च्या रामचंदर प्रकरणात स्पष्ट झालं आहे. कोरडा अभिप्राय आला तर उच्च न्यायालयात हा मुद्दा मजबूत ठरतो.

सीमेवरच्या लोकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. निर्णय घेणारं सरकार कोणतं, ते बंदी कुठला राहणारा किंवा कुठल्या तुरुंगात आहे यावर ठरत नाही. शिक्षा कुठल्या राज्यात लागली यावर ठरतं. बिल्किस बानो प्रकरणात 15 ऑगस्ट 2022 ला गुजरातने सोडलेले 11 दोषी 8 जानेवारी 2024 च्या निकालाने परत आत गेले, त्याचं मुख्य कारण हेच होतं: खटला मुंबईत चालला होता, म्हणून अधिकार महाराष्ट्राचा. ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेल्या तळोद्याच्या माणसाला गुजरातमध्ये शिक्षा लागली असेल, तर त्याचा अर्ज गुजरातकडेच जाणार. मध्य प्रदेशातल्या खेतियाच्या माणसाला शहाद्यात शिक्षा लागली, तर महाराष्ट्राकडे. चुकीच्या दारात अर्ज पडून राहिला की वर्ष वाया जातं.

'काहींना कधीच सोडू नये' असं म्हणणाऱ्यांशी आमचं भांडण नाही. लहान मुलीवर अत्याचार करून तिला मारणारा, सुपारी घेऊन एकामागून एक खून करणारा, असे लोक आहेत. त्यांच्यासाठी न्यायालयाकडे स्वतंत्र मार्ग आहे. फाशीऐवजी ठरावीक वर्षांपर्यंत किंवा मरेपर्यंत माफीविना कैद देता येते. 2008 मध्ये तो मार्ग स्वीकारला गेला आणि 2015 मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. 'कधीच नाही' हे असं भर न्यायालयात, दोन्ही बाजू ऐकून, कारणं लिहून ठरावं. न्यायालयाने ते म्हटलेलं नसताना बीट हवालदाराच्या दीड ओळीने ते ठरू नये. बाविसाव्या वर्षी बांधावर कुऱ्हाड उगारलेला माणूस चाळिशीत गुडघे धरून सुतारकामाच्या शेडमध्ये बसलेला असतो. त्याला आणखी दहा वर्षं ठेवायचं असेल तर ठेवा, पण का ते लिहा.

खर्चाचं म्हणाल तर या कामाला पैसे लागत नाहीत. 'मंत्रालयातून फाइल हलवतो' म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण किंवा 15100 हा क्रमांक, दोन्ही चालतं. फेब्रुवारी 2025 पासून तर धोरण असलेल्या राज्यात बंद्याने अर्ज केला नसला तरी पात्र झाल्यावर विचार करणं सरकारवर बंधनकारक आहे, आणि नकार दिला तर थोडक्यात कारणं देऊन ती बंद्याला कळवावी लागतात. तरीही अर्ज द्याच. अर्जाची पोच हातात असली की उशीर मोजता येतो.

सुटकेचा आदेश आला तरी एक कागद अडवतो: दंड. निकालात दंड असेल आणि भरलेला नसेल, तर त्याबदल्यातली साधी किंवा सक्त कैद वेगळी भोगावी लागते. तो सत्र न्यायालयाच्या नाझरकडे, म्हणजे पैसे जमा करून घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, आधीच भरा, पावतीच्या तीन प्रती काढा, एक कारागृहात द्या. आदेशातल्या अटी सही करण्याआधी मराठीतून वाचून घ्या. 'चांगले वागावे' अशी मोघम अट टिकत नाही, आणि अट मोडली म्हणून नोटीस न देता सुटका रद्दही करता येत नाही. हजेरी कोणत्या ठाण्यात, कोणत्या तारखेला, हे लेखी घ्या. पहिल्या हजेरीला घरचं एक माणूस सोबत न्या आणि तिथल्या नोंदीचा क्रमांक वहीत उतरवून आणा.