आकारलेली वर्गणी की आपणच निवडलेली?

संयुक्त राष्ट्रांत वर्गणीचा आकडा आमसभा ठरवते, देशाची ऐपत बघून, दर ३ वर्षांनी. एकूण खर्चाच्या कमीत कमी ०.००१ टक्के, जास्तीत जास्त २२. ही वरची मर्यादा आधी २५ होती. २००० च्या डिसेंबरात अमेरिकेने घासाघीस करून ती खाली आणली. थकबाकी दोन वर्षांच्या वर्गणीइतकी झाली की आमसभेतलं मत जातं. म्हणून काही जण मत वाचेल एवढेच पैसे टाकतात!

बर्नच्या जागतिक टपाल संघात देश आपला वर्गणीचा वर्ग आपणच निवडतो; जितकी एककं, म्हणजे वर्गणीचे समान हिस्से, तितके पैसे. सर्वांत वरचा ५० एककांचा, अतिगरिबांना अर्ध्या एककाचा. ऐकायला छान, पण एखाद्या श्रीमंताने हात आखडला तर? मला पहिली पद्धतच बरी वाटते. टपाल संघात अर्ध्या एककवाल्यालाही मत एकच, ५० वाल्यालाही एकच.