मेडिकलच्या दुकानातील कागदी टेप आणि चॅलेंजरचा रेक्झिनचा टप

दीड वर्षापूर्वी १९७० च्या डॉज चॅलेंजर या अमेरिकी गाडीच्या १:२५ मापाच्या मॉडेलचा किट जोडायला घेतला. इंजिन झाले, आतली बैठक झाली, बॉडीवर रंग चढला आणि टपापाशी येऊन काम थांबले. या गाडीच्या ‘एसई’, म्हणजे स्पेशल एडिशन, प्रकाराला मागची काच नेहमीपेक्षा लहान होती आणि टपावर व्हिनाइल चढवलेले येत असे. किटमधला टप मात्र पूर्ण गुळगुळीत होता. त्यावर नुसता काळा रंग मारला असता तर तो काळ्या रंगाचा पत्रा दिसला असता. ही उणीव ज्या वस्तूने भरून निघाली ती छंदाच्या दुकानात मिळत नाही. जखमेवरची पट्टी चिकटवण्यासाठी वापरतात ती पांढरी कागदी सर्जिकल टेप मी या कामासाठी वापरली आणि तिचाच हा सविस्तर अभिप्राय आहे.

व्हिनाइलचा टप म्हणजे आपल्या भाषेत रेक्झिनचा टप. घडीच्या कापडी टपाच्या गाड्यांचा जो डौल होता तो पत्र्याच्या टपाच्या गाडीलाही मिळावा म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकी कंपन्या टपाच्या पत्र्यावर हे आवरण चिकटवून देत असत. १९६२ च्या फोर्ड थंडरबर्डच्या लँडाऊ प्रकारावर ते होते, १९६९ मध्ये प्लिमथने बाराकुडावर चक्क फुलाफुलांच्या नक्षीचे व्हिनाइल दिले, आणि पुढच्या वर्षी क्रायस्लरच्या (डॉज आणि प्लिमथ यांची मूळ कंपनी) गाड्यांना मगरीच्या कातड्यासारख्या मोठ्या खवल्यांचा पोतही मिळू लागला. मला हवा होता तो साधा, बारीक दाण्याचा काळा टप.

येथे थोडे गणित केल्यावाचून पुढे जाता येत नाही. खऱ्या रेक्झिनवरचा दाणा १ मिमीचा धरला तर १:२५ मापात तो ०.०४ मिमी होतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसणारच नाही इतका लहान. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाचे पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे नमुने, बनवण्याच्या कामात आहे. ओतकामाच्या पृष्ठभागावरचा दाणा बोटाने ओळखण्याची सवय त्यामुळे लागली आहे, आणि तरीही हे गणित कागदावर मांडेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते की बहुतेक मॉडेलांवरचे टप खोटे दिसतात ते पोत कमी पडल्यामुळे नव्हे, तो फार जास्त झाल्यामुळे. बाजारात भिंतीसाठी आणि कुंड्यांसाठी खरखरीत फिनिशचे स्प्रे मिळतात, त्यांपैकी एक मी जुन्या बॉडीवर मारून पाहिला. त्याचा एकेक कण अर्ध्या मिलिमीटरचा भरला. त्याला पंचवीसने गुणले की साडेबारा मिलिमीटर होतात, आणि एवढ्या जाडीची खडी कोणत्याही गाडीच्या टपावर नसते.

टिश्यू पेपर पातळ गोंदात भिजवून बसवण्याची पद्धत जुनी आहे. तिचा पोत चांगला येतो, पण ओला कागद वळणावर चुण्या धरतो आणि चुणी सरळ करायला जावे तर कागद फाटतो. घट्ट प्रायमर (रंगाआधीचे अस्तर) आखूड केसांच्या ब्रशने ठिपक्याठिपक्यांनी लावला तर दाणा बारीक येतो, मात्र सगळीकडे सारखा येत नाही. शिवाय या दोन्ही पद्धतींत टपावर कापड ताणून बसवले आहे असे मुळीच वाटत नाही. माझ्या मते खरी परीक्षा तीच आहे.

टेप सीपीआर रुग्णालयाच्या परिसरातील मेडिकल दुकानांत सहज मिळते. कंपनी कोणतीही असली तरी दुकानदार तिला ‘मायक्रोपोर’च म्हणतात, हे मूळ थ्रीएम कंपनीच्या टेपचे नाव. अर्धा, एक, दोन आणि तीन इंच अशा रुंदीच्या गुंडाळ्या येतात. छिद्रांची पारदर्शक प्लास्टिकची टेपही त्याच फळीवर असते, ती या कामाची नाही. कागदी टेप उजेडाकडे तिरपी धरून पाहावी. तिच्यात तंतूंचे बारीक, वेडेवाकडे जाळे दिसते आणि रंगाखाली हेच जाळे रेक्झिनचा दाणा होऊन उमटते. माझ्या मायक्रोमीटरवर तिची जाडी ०.१ मिमीच्या आसपास भरली. खऱ्या गाडीच्या मापात ते अडीच मिलिमीटर झाले, म्हणजे रेक्झिनपेक्षा थोडे जाड, पण आवरणाची कड पत्र्यापेक्षा किंचित उचललेली दिसावी इतपतच. मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गुंडाळ्या घेतल्या होत्या. त्यांतल्या स्वस्त गुंडाळीचे तंतू कापताना कडेला सुटून मिशा काढत होते, त्यामुळे विकत घेतल्यावर आधी एक तुकडा नव्या पात्याने कापून पाहावा आणि कड स्वच्छ आली तरच ती गुंडाळी कामाला लावावी.

आता रुंदीचा प्रश्न. माझ्या चॅलेंजरचा टप आडवा सुमारे ५२ मिमी भरला, म्हणजे दोन इंची टेप थोडक्यात अपुरी पडते आणि तीन इंची पुरून उरते. साहजिकच तीन इंची टेपचा एकच अखंड तुकडा बसवण्याचा मोह होतो, आणि पहिल्या वेळी मी तेच केले. टप नीटनेटका झाला, पण निर्जीव दिसला. कारण पुढे स्टेशनजवळच्या रिक्षाथांब्यावर उलगडले. आपल्या रिक्षांचे हूड रेक्झिनचेच असतात. एका हुडाच्या शिवणीवर तिरपे ऊन पडले होते आणि लांबूनही नजर आधी त्या शिवणीवर गेली, दाण्यावर नाही. खऱ्या व्हिनाइलच्या टपावरही बहुधा पुढून मागे जाणाऱ्या दोन शिवणी असतात, मधला पट्टा आणि दोन बाजूंचे असे तीन तुकडे जोडलेले असतात. ओळखीच्या एका कुशनवाल्या मामांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी हातातले काम न थांबवता एवढेच सांगितले, “भावा, कापड आधी मधनं बसवायचं, मग कडंला वडत न्यायचं. कडंनं सुरवात केलीस की मधी फुगा आलाच.”

दुसरा टप मी याच क्रमाने केला. टपाच्या जागेवर आधी फक्त मॅट प्रायमर ठेवला. मधला पट्टा काचेच्या तुकड्यावर पोलादी पट्टीने कापून, गाडीच्या पुढच्या आणि मागच्या काचांच्या मध्यबिंदूंवर पेन्सिलीच्या खुणा करून आधी तो बसवला. बाजूचे तुकडे त्याच्यावर अर्धा मिलिमीटर चढवले. खऱ्या शिवणीची पट्टी बारा-तेरा मिलिमीटरची धरली तर १:२५ मापात ती अर्ध्या मिलिमीटरचीच होते, त्यामुळे हा चढावच शिवण होऊन बसतो आणि वेगळा दोरा चिकटवावा लागत नाही. टेप दाबताना नख वापरू नये. नखाने तंतू चेपले जातात आणि तेवढ्या जागी टप गुळगुळीत चमकतो. कानातल्या कापसाच्या काडीने मधून कडेकडे हलके ठोकत गेले की पोत शाबूत राहतो. सगळ्यात अवघड जागा टप आणि बॉडी जोडणाऱ्या मागच्या खांबाची आहे, कारण तिथे पृष्ठभाग दोन दिशांना वळतो आणि कागद एका मर्यादेपलीकडे ताणला जात नाही. तिथे मी हेअर ड्रायरची कोमट हवा देऊन तुकडा थोडा थोडा खाली ओढला आणि जास्तीची चुणी खालच्या क्रोम पट्टीच्या रेघेपर्यंत नेऊन तिथेच कापली. प्रत्येक खांबासाठी पाते नवीन घ्यावे. बोथट पाते कागद कापत नाही, फाडते.

रंगाच्या बाबतीत ही टेप संयम मागते. पहिलाच हात ओला पडला तर रंग कागदात मुरतो, खालचा चिकटपणा मऊ होतो आणि कडा उचलतात. तीव्र थिनरचे लॅकर तिच्यावर थेट मारूच नये. मी तामियाचा अ‍ॅक्रिलिक ‘एक्स-१८’ सेमी-ग्लॉस काळा आणि ‘एक्सएफ-८५’ रबर ब्लॅक मिसळून एअरब्रशने धुक्यासारखे पाच हात दिले आणि प्रत्येक हातानंतर अर्धा तास थांबलो. निखळ काळा रंग लहान मापात फार गडद दिसतो, रबर ब्लॅकमधली राखाडी छटा तो गडदपणा मोडते. नवे रेक्झिन पूर्ण मॅटही नसते आणि चकचकीतही नसते, त्यावर एक मऊ, तेलकट झळाळी असते, आणि ती या मिश्रणातून ठीक उतरली. शिवणीच्या उंचवट्यावर शेवटी अगदी कोरड्या ब्रशने गडद राखाडी रंग फिरवला. त्याच्या खाली काळी रेघ आपोआप दिसू लागते.

कोल्हापुरात हे काम जुलैमध्ये करू नये. पंचगंगेला पाणी चढलेले असते त्या दिवसांत घरातल्या हवेतही इतका ओलावा असतो की स्प्रेचा रंग वाळता वाळता पांढरट पडतो. माझा पहिला टप त्यातही वाया गेला. दुसरा मी दिवाळीनंतर केला आणि तो एकाच दिवसात नीट वाळला.

टेपच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. १:४३ मापाच्या गाडीवर ही जाडी चार मिलिमीटरहून अधिक होते आणि टपावर घोंगडी टाकल्यासारखी दिसते. तिथे फूट-दीड फुटावरून मारलेला कोरडा स्प्रेच बरा. मगरीच्या खवल्यांचा पोत यातून मिळत नाही. ज्या किटांमध्ये टपावर दाणा साच्यातूनच आलेला असतो, त्यांच्यावर टेप लावण्याआधी तो पॉलिशपेपरने घासून सपाट करावा लागतो, नाहीतर एकावर एक दोन पोत दिसतात. पांढऱ्या टपासाठी मी ती अजून वापरलेली नाही. खर्चाचे म्हणाल तर एका गुंडाळीत वर्षभराचे टप होतात, आणि उरलेली टेप घरातल्या औषधांच्या डब्यात कामाला येतेच.

टिकाऊपणाबद्दल लिहायचे म्हणून मी हा अभिप्राय एक पावसाळा उलटेपर्यंत थांबवून ठेवला होता. खऱ्या गाड्यांत व्हिनाइलखाली पाणी साठून पत्रा गंजतो तो बहुधा मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत, आणि योगायोगाने माझ्या मॉडेलवरही टेप सुटली ती त्याच ठिकाणी, डाव्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढी. सुईच्या टोकाने पातळ गोंद आत सोडून, वर क्रोम फॉइलची पट्टी दाबून ती बसवली. बाकी टप जसाच्या तसा आहे आणि काचेच्या कपाटातून संध्याकाळचा उजेड आडवा आला की दोन्ही शिवणी लांबून दिसतात.