नेब्युलायझर: मशीनला तीन तारे, श्वासाच्या मोजणीला पाच

मुलाने पुण्याहून ऑनलाइन मागवून दिलेला हा नेब्युलायझर (१,७४९ रुपये) आमच्याकडे पलूसला दिवाळीपासून आहे. नातू सव्वा वर्षाचा. सून शाळेत शिकवते, म्हणून दिवसभर पोर माझ्या कडेवर. ऊसतोड सुरू झाली की फडात पाचट पेटतं आणि गावात घरटी एक तरी नाक वाहतं. त्यामुळे वस्तू कामाची, हे आधीच कबूल करते.

आवाज एवढा की टीव्ही ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी पोरानं आकांत मांडला, तेव्हा मी मास्क तोंडापासून चार बोटं लांब धरला. म्हटलं, वाफ तर जातेय. डॉक्टर म्हणाले, ही वाफ नव्हे, औषधाचं थंड धुकं आहे. मास्क गालाला टेकला नाही तर औषध हवेतच जातं, आणि रडत्या मुलाच्या छातीत फारसं उतरत नाही. आता मांडीवर बसवून खिडकीतून शेजाऱ्यांची म्हैस दाखवत लावते. आठ-दहा मिनिटांत आटोपतं. नंतर कप धुऊन उन्हात नाही, सावलीत सुकवायचा.

शेजारीण म्हणाली, त्यात दोन थेंब निलगिरी घाल. असलं अजिबात करू नका. तेल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतायचं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध आणि सलाइन, बाकी काही नाही.

दोन तारे कापले ते माहितीपत्रकासाठी. मशीन जोडायचं कसं याची चित्रं आहेत, पण कोणत्या आजारात लावायचं आणि कधी लावून भागणार नाही, याबद्दल अवाक्षर नाही. औषधाच्या कुप्याही एका दुकानदारानं चिठ्ठी न बघता काढून दिल्या. मीही घेतल्या, खोटं कशाला बोलू?

डिसेंबरात नातवाला ताप आणि खोकला आला. मी दिवसात चार वेळा मशीन लावलं आणि आपण उपचार करतोय म्हणून निर्धास्त राहिले. संध्याकाळी आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्याच्या आशा स्वयंसेविका, दुसऱ्याच कामासाठी आल्या. "काकी, ते बंद करा आधी. झोपलाय ना? सदरा वर घ्या." मोबाइल समोर धरून पुरतं एक मिनिट पोट वरखाली होताना मोजलं. ५४. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा त्याहून जास्त भरले तर श्वास जलद समजायचा. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्याला ५०, त्याहून तान्ह्याला ६०. रडताना किंवा पिताना मोजायचं नाही, आणि अर्धा मिनिट मोजून दुप्पटही करायचं नाही. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, तेही त्यांनी बघितलं. पडत नव्हता. पडला असता किंवा पोरानं दूध-पाणी सोडलं असतं, तर थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून छाती तपासली. न्यूमोनिया. पाण्यात विरघळणारी अमॉक्सिसिलिनची गोळी, पाच दिवस. मशीनचं विचारलं तर म्हणाले, "छातीत शिट्टी वाजत नाहीये, मग हे कशाला लावत होता?"

मी दोन मुलं वाढवली ती वेखंड, ओव्याची पुरचुंडी आणि निखाऱ्यावरच्या धुरीवर. श्वास कधी मोजला नव्हता. पुरचुंडी अजून उशाशी असते, धुरी मात्र बंद केली. खोकणाऱ्या पोराला आणखी धूर कशाला? मध चाटवते, पण नातू वर्षाचा झाल्यावरच सुरू केला. खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली कपाटात होती. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडे सिरपनं पोरं दगावली, तेव्हाच सुनेनं ती फेकली.

सोबत आलेला मोठा मास्क पोराच्या अख्ख्या तोंडावर बसतो, डोळ्यांसकट. तो आता ह्यांच्या दम्यासाठी ठेवलाय, कप वेगळा घेऊन. कप स्वतंत्र मिळतो, पण यायला बारा दिवस लागले.