रेसिडेन्सीतलं शिल्प ठाण्याला आणायचं: अख्खा दगड की नुसता साचा?

रेसिडेन्सीत, म्हणजे कलाकारांना काही काळ राहून काम करायला मिळतं तिथे, इटलीतलं संगमरवरी शिल्पांचं गाव पिएत्रासान्ता मिळालं की मन संगमरवराकडे धावणारच. पण परतीचा हिशोब आधी मांडा. एक घनफूट संगमरवर साधारण 76 किलो भरतो, म्हणजे एवढा दगड विमानातल्या सामानातून आणायचा विषयच मिटला. समुद्रमार्गे न्हावाशेवाला पाठवायचं तर लाकडी पेटी 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेली हवी आणि तिच्यावर तसा शिक्का हवा. तो नसेल तर माल अडकतो. अख्खा कंटेनर न भरणाऱ्या सुट्या मालाला बहुधा किमान एक घनमीटरचं भाडं पडतं, पेटी केवढीशी का असेना. कागद अपुरे पडले की गोदामभाडं दिवसागणिक चढतं, आणि खिसा खरा तिथेच कापला जातो. पुढे घोडबंदर रोडच्या सोसायटीत लिफ्टवाल्याची समजूत काढणं वेगळंच.

मातीत मूळ शिल्प घडवून त्याचा सिलिकॉनचा साचा आणणं सुटसुटीत; इथे त्यात मेणाची प्रत काढायची आणि तिच्यावरून ब्राँझ ओतायचं. मुखशिल्पाला 8 ते 10 मिलिमीटरचा थर पुरतो. गोची इथे होते: गंधक असलेल्या मातीवर प्लॅटिनमवालं (प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं) सिलिकॉन धरतच नाही, पृष्ठभाग चिकट राहतो. आधी तुकड्यावर लावून बघा. शिवाय वजन वाचवायला काहीजण मऊ साच्याला आधार देणारं बाहेरचं कडक कवच तिथेच टाकून येतात. मग साचा लवतो आणि मेणात नाक तिरकं उतरतं. कवच प्लास्टरऐवजी फायबरग्लासचं करा, हलकं पडतं. ब्राँझ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं, तेवढं मूळ मोठं ठेवा.

छिन्नीचं तंत्रच शिकायचं असेल तर दगड घ्या, पण हातसामानात मावेल एवढाच.