चांदरचं ब्रागांझा घर: खिशात सुटे नव्हे, नोटा ठेवा

गोव्यातलं चांदर गाव मडगावहून तेराएक किलोमीटर. तिथली ब्रागांझांची जुनी हवेली बघायची होती. अर्ध्या तासात उरकेल म्हणून गेलो आणि अडीच तास आत रमलो. रिक्षावाला चर्चच्या सावलीत घोरत होता.

घर एकच, संसार दोन. मधला जिना चढलात की पूर्वेला ब्रागांझा परेरा आणि पश्चिमेला मिनेझिस ब्रागांझा. तिकीट नाही. घरचंच कुणीतरी दार उघडतं, हिंडवतं आणि शेवटी देणगीची पेटी दाखवतं. दोन्हीकडे वेगळी पेटी, तेव्हा एकीकडेच सगळं टाकून मोकळे होऊ नका.

पश्चिमेला पुस्तकं. हजारोंनी, चामडी बांधणीची. लुईस द मिनेझिस ब्रागांझा इथलेच. १९०० साली ‘ओ हेराल्दो’ हे पोर्तुगीज दैनिक सुरू करणाऱ्यांपैकी एक, पोर्तुगीज राजवटीत तिच्याच भाषेत तिला सुनावणारे. पूर्वेला नाचाचा दिवाणखाना, संगमरवरी फरशी, झुंबरं आणि पोर्तुगालच्या राजाने, दों लुईसने, दिलेल्या दोन खुर्च्या. घरातल्या देवघरात संत फ्रान्सिस झेवियरचं नखही आहे. मला मात्र आवडली ती खिडक्यांतली शिंपल्यांची तावदानं. दुपारचं ऊन त्यांतून ताकासारखं पातळ होऊन येतं.

रंग उडालाय, लाकूड थकलंय. असणारच. ‘कसेल त्याची जमीन’ झाली तसे भाटकारांचे, म्हणजे गोव्यातल्या जमीनदारांचे, उत्पन्नाचे झरे आटले. छप्पर मात्र तेवढंच राहिलं. (कुळांना जमीन मिळाली हे चांगलंच झालं, त्याबद्दल रडायला मी बसले नाही.) आमचा वाईचा वाडा सहा चुलत्यांच्या सह्या होऊन बिल्डरकडे गेला, तेव्हा कौलं शाकारायला दरवर्षी किती लागतात ते मला पाठ आहे.

म्हणून आमच्या पुढच्या गटातल्या एका गृहस्थांनी फोटो काढू देत नाहीत म्हणून कुरकुर केली आणि पेटीत दहाचं नाणं टाकलं, तेव्हा माझा संताप झाला. अहो, लोकांच्या न्हाणीघराच्या दारापर्यंत जाऊन आलात!

आम्ही दोन्हीकडे पाचशे-पाचशे टाकले. यांनी जिन्यात विचारलं, “एवढे?”

“कौलांचे,” म्हटलं.

सकाळी दहानंतर जा, गुडघे दुखत असतील तर जिना सावकाश चढा, आणि खुर्च्यांवर बसू नका. त्या बघायच्या आहेत.